डोनरचं डोकं

दादा, काल शाळेत तुझी शोकसभा झाली आणि तिथे तुला फारच चांगला माणूस करून टाकलं. शिस्तप्रिय, सत्यप्रिय, विद्यार्थिप्रिय. जो तो माइकपाशी जाऊन एकेक 'प्रिय' चिकटवून येत होता. मी पहिल्या रांगेत बसून विचार करतोय, हे नक्की कोणाबद्दल बोलतायत? मुख्याध्यापक तर म्हणाले, "सरांचा आवाज वर्गात कधी चढला नाही." मला ठसकाच लागला. वहिनीने कोपराने ढोसलं. अरे, सातवी 'ब'मध्ये माझ्या एकट्यावर तुझा आवाज असा चढायचा की व्हरांड्यातला शिपाई घंटा द्यायचा विसरायचा. पण गेलेल्या माणसाबद्दल असं बोलायचं नसतं म्हणे. म्हणून गप्प बसलो.

मग मलाच उभं केलं. "सरांचे धाकटे बंधू अरुणराव, ज्यांनी सरांना जीवदान दिलं!" टाळ्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हे पोरांना कोणी सांगितलं नव्हतं. मी उभा राहिलो, दोन मिनिटं घसा खाकरला, नमस्कार केला आणि खाली बसलो. सातपूरच्या कारखान्यातला फिटर मी, मला भाषण कुठून येणार? आणि जीवदान कसं दिलं ते खरं सांगितलं असतं तर शोकसभेची हास्यजत्रा झाली असती. तिथे नाही बोललो ते इथे लिहितोय. तू नेहमीसारखं लाल पेन घेऊन वाचू नकोस, एवढीच विनंती.

चौऱ्याऐंशी साली तुला रक्ताचा कॅन्सर झाला. तू छत्तीसचा, मी सव्वीसचा. मुंबईच्या डॉक्टरांनी औषधं देऊन तो दाबला आणि स्वच्छ सांगितलं, हा परत येणार. तो यायच्या आत सख्ख्या भावंडाचा बोनमॅरो मिळाला तर आशा आहे. वहिनीने आईला समजावलं की हाडाच्या आत जे असतं ना, ते अरुणभाऊजींचं काढून ह्यांना द्यायचं. आई नामपूरकडची, तिला मटणापलीकडची हाडं माहीत नाहीत. ती म्हणाली, "म्हंजे नळीमातला गर का?" तू इतका हसलास की सलाइनची सुई निघाली.

आपण दोघंच भावंडं. माझं रक्त तपासायला पाठवलं आणि चिठ्ठी आली की रक्तगट वेगळा असला तरी बोनमॅरोला लागतं ते सगळं तंतोतंत जुळतंय. दिसण्यात जुळलं नाही, स्वभावात जुळलं नाही, गणितात तर नाहीच नाही, पण आत कुठेतरी आपण एकाच साच्यातले निघालो. त्या दिवसापासून घरात माझी किंमत वाढली. सायकलला कुलूप. जिन्यावरून उतरताना कठडा धरायचा. सकाळी दोन अंडी, दूध, खजूर, बीट. वहिनीचं लक्ष तुझ्यापेक्षा माझ्यावर जास्त. मी शिंकलो तरी तीन माणसं धावायची. शेजारचे म्हणायचे, "आजारी नक्की कोण आहे?" तू खाटेवरून ओरडायचास, "त्याला जपा रे, तो माझा स्पेअर पार्ट आहे!"

आणि एवढं जपलेलं सामान आईने वणीच्या गडावर नेऊन आपटलं.

तिने देवीला नवस बोलला होता, की ज्याचं जुळेल त्याला पायऱ्या चढवून दर्शनाला आणीन आणि नारळ फोडीन. तू गणितमास्तर, तुझा देवावर विश्वास नाही. "नवस करून पेशी वाढत नाहीत," असं तू आईला ठणकावलं होतंस. आई मान हलवून हो म्हणाली आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानाशी लागली, "नवस बोलेल शे, जानंच पडी. दादाले सांगू नको." मी काय करणार? तुझ्यापुढे माझं चालत नव्हतं आणि आईपुढे कोणाचंच. आम्ही घोटीला मित्राकडून तांदूळ आणायला जातो अशी थाप मारली आणि पहाटेची एसटी पकडली.

दर्शन झकास झालं. नारळ फुटला. प्रसादाची नारळाची वाटी आईने माझ्या हातात दिली आणि बजावलं की काही झालं तरी ही सोडायची नाही, दादाच्या पोटात गेली पाहिजे. दहा पायऱ्या उतरलो नाही तोच एक दांडगं माकड आलं आणि त्याने वाटीचं दुसरं टोक धरलं. मी सोडीना. ते सोडीना. येणारेजाणारे उभे राहून बघायला लागले. एक बाई म्हणाल्या, "अहो, द्या ना त्याला, गरीब आहे." मी आणखी जोर लावला. आणि माकडाने सोडलं ना, दादा! मी वाटीसकट मागच्या मागे गेलो आणि डोक्याची मागची बाजू पायरीच्या धारेवर बसली.

डोळे उघडले तेव्हा आई तोंडावर पाणी मारत होती. तीन-चार मिनिटं मी बेशुद्ध होतो म्हणे. वाटी हातातच होती. आई वाटीकडे बघून "मनी माय!" म्हणाली आणि मग तिला माझी आठवण झाली. "डोकं दुखस का रे?" घाटात एसटीत मी दोनदा ओकलो. आई शेजारणीला म्हणाली, "घाटात सगळेच ओकतात." माझ्या कवटीमागे लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं. आईचं एकच पालुपद, "काही व्हत नही, देवी शे ना."

आता थाप निभवायची तर तांदूळ पाहिजे. नाक्यावरच्या दुकानातून पाच किलो घेतले आणि पिशवी बदलली. मी टेंगूळ झाकायला टोपी घालून जेवायला बसलो. आईने प्रसादाचं खोबरं वाटून आमटीत घातलं होतं. तू आमटी दोनदा मागून घेतलीस, हे तुला मरेपर्यंत कोणी सांगितलं नाही, आज सांगतो. पण भाताचा पहिला घास घेतलास आणि थांबलास.

"हा घोटीचा तांदूळ नाही."

"घोटीचाच आहे," मी म्हणालो.

"घोटीच्या तांदळाला वास असतो. हा आपल्या नाक्यावरचा आहे. अरुण, टोपी काढ."

टोपीचा आणि तांदळाचा काय संबंध, ते तुझं तुला माहीत. मास्तर लोकांचं असंच असतं. मी टोपी काढली, तुझा हात मागे गेला आणि मी कळवळलो. दोन मिनिटांत सगळं ओकलो, म्हणजे बोललो. तू ओरडला नाहीस. तू ताट बाजूला सारलंस आणि आईकडे नुसता बघत राहिलास. मला तुझा आरडाओरडा परवडला असता. त्या आठवड्यात तू माझ्याशी बोलायचास ते फक्त, "डोकं दुखतंय का? दोन दोन दिसतंय का? चक्कर?" एवढंच.

आईचं म्हणणं पडलं की मुंबईच्या डॉक्टरांना यातलं अवाक्षर सांगायचं नाही. नाहीतर ते अरुणला नापास करतील, आणि अरुण नापास म्हणजे तू गेलास. मलाही पटलं. वहिनीही गप्प होती, म्हणजे तिलाही पटलं होतं. तू हो म्हणाला नाहीस आणि नाहीही म्हणाला नाहीस.

अकराव्या दिवशी आपण तिघं मुंबईला त्या डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. भूल देणाऱ्या बाई. चष्मा नाकावर, चेहरा इस्त्री केलेला. त्यांनी विचारलं, "अलीकडे काही आजार, मार, अपघात?" मी छाती पुढे काढून म्हणालो, "काही नाही." आणि शेजारून तुझा आवाज आला, "आहे. अकरा दिवसांपूर्वी पायरीवर डोकं आपटलंय. चार मिनिटं बेशुद्ध. दोन उलट्या." वहिनीने डोळे मिटून घेतले. मी तुझ्या पायावर पाय दिला. तू पाय काढून घेतलास.

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि आपल्याला नीट समजावलं. आधी पेशंटला आठवडाभर जालीम औषधं देणार. त्यात त्याच्या हाडातलं सगळं जळून जाणार. मग डोनरला पूर्ण भूल देऊन कंबरेच्या हाडातून काढायचं आणि ह्याला द्यायचं. डोनरच्या डोक्यात कुठे रक्त साकळलं असेल तर भूल त्याच्या जिवावर बेतेल. आणि पेशंटचं जाळून झाल्यावर डोनर आडवा पडला, तर पेशंटला परतीची वाट नाही. "मला एकाच्या बदल्यात दोन घालवायचे नाहीत," त्या म्हणाल्या. त्यांच्या जागी त्या बरोबर होत्या. तेव्हा मला त्या कैदाशीण वाटल्या.

मग माझी परीक्षा. डोळ्यात बॅटरी मारली. एका पायावर उभा केला. डोळे मिटून नाकाला बोट लावायला लावलं. गुडघ्यावर हातोडी मारली. सगळ्यात पास. काल काय जेवलात, तर मी भाजी, आमटी, चार पोळ्या आणि पाचवी अर्धी, असं सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मी वहिनीकडे बघून डोळा मारला. आणि मग त्या म्हणाल्या, "शंभरातून सात वजा करा. जे उरेल त्यातून पुन्हा सात. असं करत खाली या."

दादा, मी दोन्ही हात टेबलाखाली नेऊन बोटं मोजायला घेतली.

"त्र्याण्णव," मी म्हणालो. मग बराच वेळ गेला. "शहाऐंशी." मग घाम आला. "एकोणनव्वद." बाईंचं पेन थांबलं. "खाली यायचंय," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "मग अडुसष्ट." त्यांनी दुसऱ्यांदा करायला लावलं. दुसऱ्यांदा मी शहाऐंशीपर्यंतसुद्धा पोचलो नाही. त्या कागदावर भराभर लिहायला लागल्या आणि तुझ्याकडे वळल्या. "लक्ष लागत नाही, साधी वजाबाकी जमत नाही. मेंदूला मार लागल्याचं हे लक्षण असू शकतं. मी ह्यांना डोनर म्हणून पास करू शकत नाही."

खरं सांगू? हे कोणालाच सांगितलेलं नाही. ते वाक्य ऐकलं आणि एक क्षण माझ्या छातीवरून धोंडा उतरल्यासारखं वाटलं. आमच्या खात्यातला एक जण साध्या ऑपरेशनला गेला होता, तो भुलीतून उठलाच नाही. तेव्हापासून भूल म्हटलं की माझे हातपाय गार पडायचे. घरात सगळ्यांना मी 'त्यात काय, झोपायचंच तर आहे' असं सांगत फिरत होतो. त्या क्षणी वाटलं, सुटलो. मग लाज वाटली. मग तुझ्याकडे बघितलं.

तू खिडकीबाहेर बघत होतास! अख्ख्या महाराष्ट्रात ज्या एका माणसाला ठाऊक होतं की अरुणला सातची वजाबाकी जन्मात आलेली नाही, तो माणूस ढिम्म. हातावर छड्या खाऊनही माझे पाढे पाठ होत नव्हते, ते दिवस तू पाहिलेले. एक वाक्य बोलायचं होतंस, "डॉक्टर, हा आधीपासूनच असा आहे." जीव तुझा जात होता आणि तू खिडकीबाहेर बघतोयस. मला असा संताप आला की भीती कुठल्या कुठे गेली.

मी उठून उभा राहिलो. "बाई, माझ्या डोक्याला काही झालेलं नाही. मी लहानपणापासून ढ आहे. सातवीत गणितात तेहेतीस मार्क. पस्तीसला पास. दोन मार्कांनी नापास केलं मला, आणि नापास करणारा मास्तर हा तुमच्यासमोर बसलाय. सख्खा भाऊ आहे माझा! विचारा त्याला."

बाईंनी चष्म्यावरून तुझ्याकडे पाहिलं. "खरं आहे का हे?"

तू हळूच खिडकीतून नजर काढलीस. माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालास, "तेहेतीस मी ओढूनताणून दिले होते. खरे सव्वीस होते."

चौदा वर्षं मी तुझ्यावर त्या दोन मार्कांसाठी दात धरून होतो. आणि तू सांगतोस ते कधी, तर परक्या बाईसमोर, कॅन्सरच्या दवाखान्यात! पण बाई पहिल्यांदा हसल्या. हसून पुन्हा चेहऱ्यावर इस्त्री फिरवली आणि म्हणाल्या, "लेखी पुरावा आणा."

वहिनी त्याच दुपारी नाशिकला आली आणि शाळेतून माझं प्रगतिपुस्तक आणि मुख्याध्यापकांचं सर्टिफिकेट घेऊन परतली. ते सर्टिफिकेट मला आजही तोंडपाठ आहे. "दाखला देण्यात येतो की, सदर विद्यार्थी या प्रशालेत असल्यापासून वजाबाकीत कच्चा असून त्याच्या बुद्धीत अपघातामुळे कोणताही बदल झाल्याचे दिसत नाही." खाली सही, शिक्का. बाईंनी ते माझ्या एक्स-रेशेजारी टाचणीने लावलं. मग विचारलं, "तुम्हाला काय येतं ते सांगा." मी पंप उघडून पुन्हा कसा जोडायचा ते पहिल्या नटापासून शेवटच्या वॉशरपर्यंत सांगितलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. डोक्याचे मोठे फोटो काढले, मेंदूच्या डॉक्टरला दाखवलं आणि दहा दिवस थांबायला सांगितलं. ते दहा दिवस तुझा आजार उठू नये म्हणून वहिनीने पाण्याचा घोटसुद्धा देव आठवून घेतला. अकराव्या दिवशी बाईंनी तोच पंप पुन्हा जोडून घेतला. एक वॉशरसुद्धा इकडचा तिकडे झाला नाही. मी पास झालो, दादा. आयुष्यात पहिल्यांदा तोंडी परीक्षेत पास.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. माझी कंबर महिनाभर ठणकत होती आणि मी उशी घेऊन फिरायचो. तू मात्र सहा महिन्यांनी वर्गात उभा. तुझा रक्तगट बदलून माझा झाला, तेव्हा तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यानंतर तू शीळ घालायला लागलास, आमटीवर कच्चं तेल घ्यायला लागलास, आणि एकदा फळ्यावर बेरीज चुकलास. वहिनी म्हणाली, "झालं, भाऊजी चढले अंगात!" पाच वर्षं चाललं माझं रक्त तुझ्यात. कुठे गंजलं नाही, कुठे गळलं नाही. शेवटी दगा दिला तो तुझ्या हृदयाने, आणि ते तुझं स्वतःचं होतं. माझ्या मालाबद्दल तक्रार चालणार नाही.

पण त्या खिडकीचं भांडण मात्र तू मिटवलं नाहीस. दर दिवाळीला मी विचारायचो, "त्या दिवशी तू गप्प का बसलास?" आणि तू म्हणायचास, "कावळा बघत होतो." मागच्या दिवाळीला मी खरंच चिडलो. म्हणालो, "मी बोललो नसतो तर मेला असतास, आणि जन्मभर माझ्या डोक्यावर बसला असतास." तू चकली मोडलीस आणि म्हणालास, "कावळा फार सुंदर होता रे." मी ताट टाकून उठलो. त्यानंतर दोन महिने मी तुझ्याकडे फिरकलो नाही. ते दोन महिने मला आता कोण परत देणार?

काल सभा संपल्यावर वहिनी माझ्यासोबत घरापर्यंत चालत आली. वाटेत मी पुन्हा तेच काढलं, सवयच ती. वहिनी थांबली. म्हणाली, "भाऊजी, आता सांगते. मला शपथ घातली होती त्यांनी." तुझा तर शपथेवर विश्वास नव्हता रे.

वहिनी म्हणाली, "मुंबईला निघायच्या आधी ते मला म्हणाले होते, अरुणला भुलीची भीती वाटते. तोंडाने दाखवत नाही, पण रोज बीट खाताना त्याचा हात थरथरतो. मला नाही म्हणणं त्याला जन्मात जमायचं नाही. पडला हे एका अर्थी बरंच झालं. डॉक्टरच नको म्हणाल्या तर सुटेल, आणि त्याला कोणी बोल लावणार नाही. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, आणि माझं काय? तर म्हणाले, तू तोंड उघडायचं नाहीस. मी तिथे बसून नुसती तुमच्या तोंडाकडे बघत होते, भाऊजी."

मी रस्त्यात कठड्यावर बसलो. पाच वर्षं मी गावभर मिरवत होतो की दादाला मी वाचवलं. आणि तू त्या खोलीत स्वतःचा जीव टेबलावर ठेवून मला सोडवायला बसला होतास. हात थरथरतो हे तुला दिसलं होतं. मला वाटायचं, तुला फक्त चुका दिसतात.

तर आता ऐक, जे तुला समोर बसून सांगायला हवं होतं. मला भीती वाटत होती, दादा. फार वाटत होती. पण तुझ्याशिवाय घरी परतायची त्याहून जास्त वाटत होती. गेल्या सोमवारी स्मशानातून तसाच परतलो.